वाचकाचे काम आणि वेबसाइटची कमाई

वेबसाइटवरून मिळणारा पैसा तीनच ठिकाणांहून येतो : जाहिरातदाराकडून, माल खपल्यावर दलाली देणाऱ्या विक्रेत्याकडून किंवा थेट वाचकाकडून. जाहिरातदार पैसे मोजतो ते पानावर माणसे येतात म्हणून. विक्रेता मोजतो ते वाचकाने शिफारशीवर विश्वास ठेवून खरेदी केली म्हणून, आणि वाचक मोजतो ते त्याचे अडलेले काम मार्गी लागले म्हणून. तिन्हींच्या मुळाशी गोष्ट एकच आहे. कोणीतरी काही गरज घेऊन आला आणि ती गरज तिथे भागली. ती भागत नसेल तर जाहिरातीची जागा, दलालीची लिंक आणि विक्रीचे पान ही सगळी मांडामांड रिकामीच राहते. त्यामुळे कामाचा क्रमही ठरून जातो. आधी वाचकाचे काम कोणते ते ओळखायचे, मग ते इतरांपेक्षा नीट करून द्यायचे आणि शेवटी त्या कामाला साजेसा कमाईचा मार्ग निवडायचा. अनेक नवे वेबसाइटचालक हा क्रम उलटा लावतात आणि थोड्याच काळात कंटाळून काम सोडून देतात.

वाचकाच्या गरजांचे प्रकार

वेबसाइटवर येणाऱ्या माणसाची गरज साधारण पाच प्रकारची असते. पहिली माहितीची : वारस नोंद कशी करतात, उकडीचे मोदक फुटू नयेत म्हणून काय करावे. दुसरी हिशेबाची : गृहकर्जाचा मासिक हप्ता किती बसेल, इतक्या आरचे गुंठे किती होतील. तिसरी निवडीची : बाजारातल्या दहा पाणी शुद्धीकरण यंत्रांपैकी बोअरच्या जड पाण्याला कोणते चालेल. चौथी तयार वस्तूची : भाडेकराराचा मसुदा, स्पर्धा परीक्षेचा सराव संच, विणकामाचा आराखडा. पाचवी माणसांची, म्हणजे आपल्यासारखाच प्रश्न असलेल्या इतरांशी बोलता येईल अशी जागा. १९९६ मध्ये सुरू झालेली ‘मायबोली’ याच पाचव्या गरजेवर वाढली. जगभर पांगलेल्या मराठी माणसांना मराठीत गप्पा मारायला ती जागा मिळाली.

कोणती गरज भागवायची यावर पुढचे जवळजवळ सगळे अवलंबून असते. माहितीच्या पानावर वाचक पुष्कळ येतात, पण खिशात हात घालत नाहीत. तिथे जाहिरात चालते. निवडीच्या पानावर वाचक कमी येतात, पण खरेदीच्या बेताने आलेले असतात. तिथे दलाली मिळते. तयार वस्तूसाठी वाचक स्वतः पैसे देतो. हिशेबाचे साधन एकदा नीट बसले की वाचक पुन्हा पुन्हा परततो, आणि त्या जोरावर बाकीची पाने वाचली जातात.

विषयाची निवड

विषय ठरवताना दोन प्रश्न विचारावेत. या विषयावर लोक खरोखर काही शोधतात का, आणि जे शोधतात ते आज त्यांना नीट मिळते का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधायला पैसे लागत नाहीत. गूगलच्या शोधचौकटीत विषयाचा शब्द लिहिला की खाली उमटणाऱ्या सूचना, निकालांच्या मध्ये दिसणारे लोकांचे प्रश्न, गूगल ट्रेंड्सवरचे आलेख आणि त्या विषयावरच्या यूट्यूब चित्रफितींखाली लोकांनी विचारलेल्या शंका एवढे चाळले तरी पन्नासएक खरे प्रश्न हाती लागतात. दुसऱ्या प्रश्नासाठी त्यांतले दहा प्रश्न निवडून प्रत्येकाच्या निकालातली पहिली पाच पाने वाचून काढावीत. उत्तर अर्धवट, जुने, इंग्रजीतून जसेच्या तसे उतरवलेले किंवा चार परिच्छेद पाल्हाळ लावल्यावर येणारे असेल, तर तिथे जागा रिकामी आहे असे समजावे.

उदाहरण म्हणून सातबारा उताऱ्याचा विषय घेता येईल. महाराष्ट्रात जमिनीशी संबंध असलेल्या प्रत्येकाला कधी ना कधी हा कागद पाहावा लागतो. उतारा मिळवण्याची सोय शासनाने केलेलीच आहे. पाहण्यापुरता विनास्वाक्षरीचा सातबारा मोफत दिसतो आणि डिजिटल स्वाक्षरी असलेला १५ रुपये शुल्क भरून उतरवून घेता येतो. म्हणजे उतारा काढून देण्यात वेबसाइटने मोल वाढवण्यासारखे काही उरत नाही. १५ रुपयांचा कागद शंभराला विकणारी वेबसाइट वाचकाच्या अजाणतेपणावर जगते आणि त्याला खरी किंमत कळली की तो परत फिरकत नाही.

खरी अडचण उतारा हातात आल्यावर सुरू होते. क्षेत्राच्या रकान्यात ०.४०.५० असे लिहिलेले असते. हेक्टर, आर आणि चौरस मीटर अशा क्रमाने तो आकडा वाचायचा असतो हे शहरात वाढलेल्या वारसाला माहीत नसते. शून्य हेक्टर, ४० आर, ५० चौरस मीटर म्हणजे एकूण ४,०५० चौरस मीटर. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, अर्थात सुमारे १०१.१७ चौरस मीटर, आणि ४० गुंठ्यांचा एक एकर. म्हणजे उताऱ्यावरची ही जमीन एका एकराला किंचित वर भरते. तीन चौकटींत हे तीन आकडे भरले की गुंठे, एकर आणि चौरस फूट दाखवणारे छोटे साधन पानावर ठेवले, तर जमीन घेणारा, विकणारा, दलाल आणि कर्ज देणाऱ्या पतसंस्थेतला कर्मचारी असे चौघेही ते वापरतील. त्याच पानावर भोगवटादार वर्ग १ आणि वर्ग २ यांतला फरक, वर्ग २ ची जमीन घेण्याआधी कोणाची परवानगी लागते, इतर हक्कांच्या रकान्यात बँकेचा बोजा कसा ओळखायचा आणि फेरफार क्रमांकावरून जुनी नोंद कशी शोधायची हे उताऱ्याच्या चित्रावर बाण काढून समजावले, तर शासकीय संकेतस्थळ जिथे थांबते तिथून पुढचे काम होते. चित्रासाठी वापरलेल्या उताऱ्यावरची नावे आणि गट क्रमांक मात्र झाकावेत.

विषय जितका नेमका, तितकी सुरुवात सोपी जाते. ‘शेती’ हा विषय नव्या वेबसाइटला पेलत नाही. ‘कोकणातल्या हापूस बागेची वर्षभराची कामे’ हा पेलतो, कारण त्यात वर्तमानपत्रे आणि मोठ्या कंपन्या उतरलेल्या नसतात आणि त्या विषयाचा जाणकार कमी भांडवलातही सरस ठरतो.

मजकुराची कसोटी

शोधयंत्रे अलीकडे पोकळ मजकुराला पूर्वीइतका थारा देत नाहीत. गूगलने फेब्रुवारी २०११ मध्ये ‘पांडा’ नावाचा बदल आणला आणि इकडून तिकडून गोळा केलेल्या पातळ मजकुरावर चालणाऱ्या अनेक मोठ्या वेबसाइटी एका फटक्यात खाली गेल्या. निकालांचा दर्जा तपासणाऱ्यांसाठीच्या गूगलच्या मार्गदर्शिकेत तज्ज्ञता, अधिकार आणि विश्वासार्हता या कसोट्या होत्याच. डिसेंबर २०२२ मध्ये त्यांत लेखकाच्या प्रत्यक्ष अनुभवाची भर पडली. मार्च २०२४ मध्ये यंत्राने किंवा माणसाने, कोणीही केलेला असो, केवळ क्रमवारीसाठी घाऊक प्रमाणात पाडलेला मजकूर गूगलने गैरप्रकारांच्या यादीत घातला. ऑगस्ट २०२४ पासून भारतातही शोधनिकालांच्या डोक्यावर कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेली उत्तरे दिसू लागली आहेत. एका ओळीत उत्तर देता येईल अशा प्रश्नावर बेतलेल्या पानाला याचा थेट फटका बसतो, कारण उत्तर निकालातच मिळाले की वाचक पानापर्यंत येतच नाही.

टिकते ते असे पान, ज्यात करून पाहिल्याशिवाय लिहिता येणार नाही असे काही आहे. मोदकाच्या पाककृतीत ‘पिठी चांगली मळून घ्या’ हे वाक्य हजार ठिकाणी आहे. पिठीला बारीक चिरा पडत असतील तर उकड कोरडी झाली आहे, हाताला पाणी आणि तुपाचे बोट लावून ती पुन्हा मळावी, पारी कडेला पातळ आणि मध्ये जाड ठेवावी आणि नव्या तांदळाच्या पिठीला पाणी थोडे कमी घालावे, हे करणाऱ्यालाच सुचते. फुटलेल्या मोदकाचा फोटो आणि तो का फुटला याचे कारण यांचा उपयोग सजवलेल्या ताटाच्या फोटोपेक्षा अधिक होतो.

पानाची रचना वाचकाच्या घाईचा विचार करून करावी. नेमके उत्तर पहिल्या परिच्छेदात द्यावे, तपशील त्याखाली यावा. लागणारी कागदपत्रे, शुल्क आणि लागणारा वेळ यांचा तक्ता असावा. पान शेवटचे कधी तपासले त्याची तारीख वर दिसावी. कायदा, शुल्क आणि योजना यांच्या पानांना ही तारीख फारच महत्त्वाची ठरते. तुकडेबंदी कायद्याखालचे प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकड्याच्या व्यवहारावर बंधन असते ते क्षेत्र, राज्यातल्या बहुतेक जिल्ह्यांसाठी २०२३ मध्ये बदलून जिरायतीसाठी २० गुंठे आणि बागायतीसाठी १० गुंठे करण्यात आले, आणि या कायद्यातले बदल त्यानंतरही चालूच राहिले. जुना आकडा तसाच ठेवणाऱ्या पानावर भरवसा ठेवून कोणी व्यवहार ठरवला किंवा मोडला तर नुकसान त्याचे होते आणि नाव वेबसाइटचे जाते. म्हणून नवी पाने लिहिण्याइतकाच वेळ जुनी पाने तपासण्यासाठी राखून ठेवावा.

सणावारी लागणारी पाने बरीच आधी तयार व्हावी लागतात. नवे पान शोधयंत्राच्या नजरेत भरायला आठवडे, कधी महिने जातात. गणपतीच्या तोंडावर टाकलेल्या मोदकाच्या पानाचा उपयोग पुढच्या वर्षीच होतो.

मराठी वेबसाइटच्या तांत्रिक बाजू

मराठी मजकूर युनिकोडमध्येच असावा. छपाईसाठी वापरल्या जाणाऱ्या जुन्या फाँटांतला मजकूर पडद्यावर मराठी दिसला तरी संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरेच असतात, त्यामुळे तो शोधात सापडत नाही. असा मजकूर हाताशी असेल तर फाँट परिवर्तकाने युनिकोडमध्ये आणून, जोडाक्षरे आणि रफार तपासूनच पानावर टाकावा.

मराठी वाचक शोध मात्र अनेकदा रोमन लिपीत घेतो. शीर्षकात आणि मजकुरात प्रचलित शब्द ठेवले, त्याच विषयाची बोलीतली आणि रोमन लिपीतली नावेही सहज ओघात आली, की पान दोन्हीकडून सापडायला मदत होते. पानाच्या पत्त्यात छोटे रोमन शब्द ठेवणे सोयीचे जाते, कारण देवनागरी पत्ता व्हॉट्सॲपवर पाठवला की टक्केचिन्हांची लांबलचक माळ होण्याचा संभव असतो. देवनागरीतले ‘.भारत’ हे डोमेन ऑगस्ट २०१४ पासून मराठीसह अनेक भाषांना खुले झाले आहे. ते जोडीला जरूर घ्यावे, मुख्य पत्ता मात्र टाइप करायला सोपा असावा.

बहुतेक वाचक मोबाइलवरून येतात. गावात नेटवर्क अधूनमधून जाते. फोटो आकाराने लहान करून टाकणे, अक्षर पुरेसे मोठे ठेवणे आणि पान उघडताच अंगावर येणाऱ्या चौकटी टाळणे एवढ्यानेही वाचक टिकण्याचे प्रमाण सुधारते.

जाहिरातींतून कमाई

गूगलची ‘ॲडसेन्स’ ही सेवा २००३ मध्ये सुरू झाली. भारतीय भाषांपैकी हिंदीला तिने २०१४ च्या अखेरीस प्रवेश दिला आणि त्यानंतरच्या काही वर्षांत मराठीलाही दिला. मान्यता मिळाल्यावर पानात एक सांकेतिक मजकूर बसवायचा असतो. जाहिराती गूगल आपोआप निवडते. खात्यात १० डॉलर जमले की पत्त्याची खातरजमा करण्यासाठी पोस्टाने एक क्रमांक येतो आणि १०० डॉलरचा टप्पा ओलांडल्यावर पुढच्या महिन्याच्या उत्तरार्धात रक्कम बँकेत जमा होते.

रकमेचा अंदाज आधीच घेतलेला बरा. दर हजार पानदर्शनांमागे मिळणारी रक्कम विषय, वाचकाचा देश आणि हंगाम यांनुसार बदलते. कर्ज, विमा, शिक्षण यांचे जाहिरातदार जास्त बोली लावतात, कविता आणि सुविचार यांच्या पानांवर बोली नगण्य असते. समजा, दर हजारामागे ५० रुपये मिळतात आणि महिन्याला एक लाख पानदर्शने होतात. मग महिन्याची कमाई ५,००० रुपये. डॉलर ८५ रुपयांच्या आसपास धरला तर १०० डॉलरचा टप्पा गाठायला दोन महिने लागतील. एक लाख पानदर्शने ही नव्या वेबसाइटसाठी मोठी मजल असते. जाहिरात हा जोडीचा मार्ग मानावा, घर त्यावर चालवण्याचा बेत करू नये.

जाहिरातींची संख्या वाढवून कमाई वाढते हा समज फसवा आहे. दर दोन ओळींनंतर जाहिरात आली की वाचक माघारी जातो आणि पुढच्या वेळी शोधात ते नाव दिसले तरी टाळतो. स्वतःच्या पानावरच्या जाहिरातींवर स्वतः टिचक्या मारणे, नातेवाइकांना मारायला सांगणे किंवा ‘जाहिरातीवर क्लिक करून मदत करा’ असे लिहिणे यांमुळे खाते कायमचे बंद होऊ शकते आणि जमलेली रक्कमही जाते.

शिफारशीची दलाली

शिफारशीच्या लिंकवरून खरेदी झाली की विक्रेता ठरावीक टक्के दलाली देतो. ॲमेझॉनने आपली अशी योजना १९९६ मध्ये सुरू केली. वाचकाला त्यासाठी जास्त किंमत मोजावी लागत नाही. दर वस्तूच्या प्रकारानुसार बदलतो आणि बहुधा काही टक्क्यांपुरताच असतो. लिंक उघडल्यानंतर ठरावीक मुदतीत, ॲमेझॉनच्या बाबतीत साधारणपणे २४ तासांत, वस्तू टोपलीत पडली तरच दलाली धरली जाते.

या मार्गात भांडवल एकच : विश्वास. ब्रिटनमध्ये मार्टिन लुईस या पत्रकाराने २००३ मध्ये अगदी थोड्या पैशांत ‘मनी सेव्हिंग एक्स्पर्ट’ ही वेबसाइट सुरू केली. लोकांची वीजबिले, विमा आणि बँक शुल्क कमी कसे करता येईल हे ती सांगत असे. कोणती योजना चांगली हे लेखक आधी ठरवत. ज्या लिंकमधून वेबसाइटला पैसे मिळत तिच्यापुढे तारकेची (*) खूण असे, आणि उत्तम योजनेतून काहीच मिळत नसेल तरी ती यादीत येई. २०१२ मध्ये ही वेबसाइट ८ कोटी ७० लाख पौंडांपर्यंतच्या व्यवहारात विकली गेली. शिफारस आधी आणि दलाली नंतर हा क्रम तिने वाचकांना दिसेल असा पाळला होता.

पाणी शुद्धीकरण यंत्रावर लिहिताना म्हणूनच ते कोणी घेऊ नये हेही लिहावे. पालिकेचे पाणी मुळात कमी क्षाराचे असेल तर आरओ यंत्राची गरज नाही, असे सांगणारे पान काही दलाली गमावते. पण तोच वाचक पुढे मिक्सर घेताना त्याच वेबसाइटवर येतो.

स्वतःची वस्तू आणि सेवा

वाचक कमी पण नेमके असतील तर सर्वांत चांगले उत्पन्न स्वतःच्या वस्तूतून मिळते. सातबाऱ्याच्याच वेबसाइटचे उदाहरण पुढे नेता येते. ‘जमीन घेण्यापूर्वी तपासायच्या गोष्टी’ ही चाळीस पानांची ई-पुस्तिका १४९ रुपयांना ठेवली आणि दर हजार पानदर्शनांमागे एक प्रत विकली गेली असे धरले, तर एक लाख पानदर्शनांतून १४,९०० रुपये येतात. पेमेंट गेटवेचे सुमारे दोन टक्के शुल्क आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी वजा जाता साडेचौदा हजार उरतात. तेवढ्याच वाचकांवर जाहिरातीतून मिळणाऱ्या पाच हजारांशी ही तुलना करून पाहावी. प्रत्यक्षात विकणाऱ्याचा आकडा याहून कमी किंवा जास्त असेल, पण दोन्ही मार्गांतल्या अंतराचा अंदाज यावरून येतो.

विकायची वस्तू मोफत मजकुराची पुढची पायरी असावी. मोफत पानावर ‘काय’ आणि ‘का’ पूर्ण सांगावे. पुस्तिकेत क्रमवार तपासणीची यादी, भरून वापरता येणारे नमुने आणि सोडवून दाखवलेली उदाहरणे द्यावीत. मोफत पान मुद्दाम अर्धे सोडून ‘उरलेले पैसे भरून वाचा’ म्हणण्याने वाचक चिडतो. याखेरीज सराव प्रश्नसंच, ध्वनिमुद्रित अभ्यासक्रम, ठरावीक वेळेचा सल्ला, कार्यशाळा, मासिक वर्गणीचे सभासदत्व हे मार्ग आहेत. सभासदत्व सर्वांत शेवटी सुरू करावे, कारण त्यात दर महिन्याला नवे काही देण्याची बांधिलकी येते.

ज्याचा आधीच व्यवसाय आहे त्याच्यासाठी मजकूर हाच ग्राहक आणणारा रस्ता होतो. झेरोधा या बंगळूरच्या ब्रोकिंग कंपनीने ‘व्हर्सिटी’ नावाने शेअर बाजाराचे धडे मोफत ठेवले आहेत. त्यावर जाहिराती नाहीत. बाजार समजलेला माणूस खाते उघडताना ज्याने समजावले त्याचा विचार करतो, एवढ्यावर ते गणित उभे आहे. हीच गोष्ट लहान प्रमाणात रत्नागिरीचा आंबा बागायतदार करू शकतो. हापूसचे भौगोलिक मानांकन म्हणजे काय, पेटीतला कच्चा आंबा घरी कसा पिकवायचा, फळात साका निघाला तर ते का, यांची पाने मार्चआधी तयार असली तर हंगामात पेटीची मागणी दलालाशिवाय दारात येते.

वाचकांशी कायमचा संबंध

शोधयंत्राने क्रमवारी बदलली की वाचक रातोरात निम्मे होऊ शकतात. म्हणून पहिल्या दिवसापासून ईमेल यादी किंवा व्हॉट्सॲप चॅनेल सुरू करावे. नाव नोंदवण्याच्या बदल्यात काहीतरी उपयोगी द्यावे : क्षेत्र रूपांतराचा छापून ठेवण्याजोगा तक्ता किंवा कागदपत्रांची यादी. पंधरवड्यातून एक पत्र पुरते. त्यात नियम काय बदलला आणि वाचकाने आता काय करावे हे असावे. चार उपयोगी पत्रांनंतर पाचव्यात पुस्तिकेचा उल्लेख आला तर तो कोणाला खुपत नाही. वाचकांच्या उत्तरांतून नव्या पानांचे विषयही मिळतात.

कायदा आणि कर

भारतात लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे त्याच्या साहित्यावर स्वामित्वहक्क असतो. साने गुरुजींचे निधन १९५० मध्ये झाले, त्यामुळे त्यांची पुस्तके २०११ पासून सर्वांना खुली आहेत. पु. ल. देशपांडे २००० मध्ये गेले. त्यांचे लेखन २०६० अखेरपर्यंत परवानगीशिवाय टाकता येत नाही. मराठी पुस्तकांच्या पीडीएफ वाटणाऱ्या वेबसाइटवर वाचक लोटतात, पण ती कमाई दुसऱ्याच्या हक्काची असते आणि तक्रार येताच जाहिरातींचे खातेही जाते. गूगलवर सापडलेला फोटोही परवानगीशिवाय वापरू नये.

पैसे किंवा फुकट वस्तू घेऊन लिहिलेल्या पानावर ‘जाहिरात’ किंवा ‘प्रायोजित’ असे सुरुवातीलाच, ठळकपणे लिहावे. भारतीय जाहिरात मानक परिषदेच्या २०२१ च्या आणि केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाच्या जानेवारी २०२३ च्या मार्गदर्शक सूचना तसे सांगतात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा घडल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. कोणता शेअर घ्यावा याचा सल्ला पैसे घेऊन देण्यासाठी सेबीची नोंदणी लागते. मधुमेहासारखे आजार बरे करण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने मनाई आहे. वकिलांना जाहिरात करून कामे मिळवण्याची बार कौन्सिलच्या नियमांनुसार मुभा नाही, त्यामुळे कायदेविषयक वेबसाइटने वकिलांच्या सशुल्क जाहिराती घेऊ नयेत. वाचकांचे ईमेल आणि मोबाइल क्रमांक घेताना २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याप्रमाणे स्पष्ट संमती घ्यावी आणि नाव काढून टाकण्याची सोय ठेवावी.

या मार्गाने आलेला पैसा करपात्र आहे, मग तो डॉलरमध्ये येवो की यूपीआयवर. डोमेन, होस्टिंग, इंटरनेट, लेखकांचे मानधन असे कामाचे खर्च उत्पन्नातून वजा करता येतात, म्हणून पावत्या जपाव्यात. महाराष्ट्र आणि गोव्यात सेवांची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या वर गेली की जीएसटीची नोंदणी घ्यावी लागते. परदेशी कंपनीकडून येणारी रक्कम बहुधा सेवा निर्यातीत मोडते आणि तिची कागदपत्रे वेगळी असतात. पहिला मोठा हप्ता येण्याआधीच सनदी लेखापालाचा सल्ला घेतला तर पुढची धावपळ वाचते. कमाईसाठी स्वतंत्र बँक खाते ठेवल्यास हिशेब आपोआप सुटा राहतो.

फसव्या वाटा

घरबसल्या जाहिराती पाहून, चित्रफिती पसंत करून किंवा हॉटेलांना तारे देऊन पैसे मिळतील असे सांगणाऱ्या योजनांत सुरुवातीला दोन-तीनशे रुपये खरोखर मिळतात. मग मोठ्या ‘कामा’साठी अनामत मागितली जाते आणि ती परत मिळत नाही. कोणाचेही काम होत नसताना पैसे मिळत असतील तर ते पुढच्या सावजाच्या खिशातून येत असतात. विकत घेतलेले वाचक, विकत घेतलेल्या लिंका आणि हमखास पहिल्या क्रमांकाची हमी हेही टाळावे. फसवणूक झाल्यास १९३० या सायबर मदत क्रमांकावर लगेच तक्रार केली तर रक्कम गोठवली जाण्याची शक्यता वाढते.

मोजमाप आणि पहिल्या वर्षाचा क्रम

गूगलचे ‘सर्च कन्सोल’ हे मोफत साधन कोणत्या शब्दांवरून वाचक आला, पान कितव्या क्रमांकावर दिसले आणि किती जणांनी ते उघडले हे दाखवते. पान वर दिसते पण उघडले जात नाही, तर शीर्षक सुधारावे. वाचक येतो पण लगेच जातो, तर उत्तर खाली दडले आहे का ते पाहावे. वाचक भरपूर आणि कमाई नाही, तर त्या पानाच्या गरजेला साजेसा मार्ग लावलेला नाही. एकूण पानदर्शनांपेक्षा परत येणारे वाचक, यादीत नाव देणारे आणि शंका विचारणारे यांचे आकडे अधिक बोलके असतात.

पहिले तीन महिने एका नेमक्या विषयावरची वीस-तीस पक्की पाने आणि एखादे हिशेबाचे साधन यांना द्यावेत. कमाईचा विचार तोवर बाजूला ठेवावा. चौथ्या ते सहाव्या महिन्यात यादी वाढवावी, वाचकांच्या शंकांवरून पाने दुरुस्त करावीत आणि जाहिरातींसाठी अर्ज करावा. त्यानंतर निवडीची पाने आणि त्यांतल्या शिफारशी येतात. वर्षाच्या उत्तरार्धात, सर्वांत जास्त विचारल्या जाणाऱ्या प्रश्नावर एक छोटी विकाऊ वस्तू काढावी आणि ती आधी यादीतल्या वाचकांना द्यावी. डोमेन आणि साधे होस्टिंग यांचा वर्षाचा खर्च काही हजारांत भागतो. खरा खर्च वेळेचा असतो, आणि रोजचे दोन तास वर्षभर देण्याची तयारी नसेल तर विषय आणखी लहान निवडावा.